बाग लावायचीय? आधी मे महिन्यात विहीर मोजा

सध्या आपल्याकडं जिकडं बघावं तिकडं फळबागा वाढायल्यात, जालन्याची मोसंबी तर जुनीच पण आता केसर आंबा घन लागवडीत, म्हणजे झाडं जवळजवळ लावून, करायलेत, सीताफळाच्या बागा उभ्या राहायल्यात, ड्रॅगन फ्रूटचे खांब दिसायलेत. जालना मोसंबी, बीडचं सीताफळ अन् मराठवाडा केसर तिन्हीला २०१६ साली जीआय, म्हणजे त्या-त्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हापासून तर हुरूप आणखी वाढला. चांगलंच आहे, पण शेजाऱ्याला यंदा भाव लागला म्हणून कलमं आणू नका, मोसंबीला फळ धरायला पाच वर्षं लागतात, आजचा भाव तुमच्या झाडाला मिळणार नाही.

पहिलं काम पाणी. मे महिन्यात विहीर पूर्ण उपसा, २४ तासांनी परत मोटार लावा अन् किती वेळ चालते ते लिहून ठेवा, हेच तुमचं खरं पाणी. मग पाइपाखाली २०० लिटरचा ड्रम ठेवून किती सेकंदात भरतो ते बघा. समजा ४० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला ३०० लिटर. मोसंबी ६ बाय ६ मीटरवर लावली तर एकरी १११ झाडं बसतात, भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला १०० लिटर धरा, म्हणजे एका एकराला रोज ३७ मिनिटं मोटार चालायला पाहिजे. तेवढी चालत नसेल तर शेततळं करा, नाहीतर सरळ सीताफळ लावा, उन्हाळ्यात ते पानं गाळून गप बसतं अन् पावसावर फुटतं. फक्त तोडल्यावर दोन-तीन दिवसात मऊ पडतं, म्हणून गिऱ्हाईक आधी बघून ठेवा.

२०१२-१३ च्या दुष्काळात आम्ही टँकर लावले, तरी बाग गेली. शेंड्याकडून फांद्या वाळत खाली आल्या, सालीला नख लावलं तर आत हिरवं काहीच नव्हतं. वडील रोज एकेका झाडाला नख लावून बघायचे.

दुसरं माती. तीन फूट खड्डा घेऊन थरवार नमुने तपासा, चुनखडी १० टक्क्यांच्या वर निघाली तर मोसंबीचा नाद सोडा. कलम रंगपूर लिंबाच्या खुंटावरचंच (खुंट म्हणजे कलमाखालचं मुळाचं झाड) मागा, जंबेरी लिंबाच्या खुंटावर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लवकर येतो. डोळा, म्हणजे खुंटावर कलम जोडलेली जागा, जमिनीपासून वीतभर वर असावा, लावताना तो मातीत गाडू नका, आमच्याकडं मजुरांनी एक अख्खी ओळ तशी गाडली होती, परत उकरून लावावी लागली.