‘टाका’ कोणता, हे कसे ओळखावे?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागात ‘टाका’ हा शब्द एकाच दिवसात शिंप्याकडे, सोनाराकडे, दवाखान्यात आणि ‘कचरा येथेच टाका’ अशा पाटीवरही भेटतो. अर्थ ठरवताना प्रथम शेजारचे क्रियापद पाहावे. टाका घालतात, मारतात, उसवतात, काढतात. असे एखादे क्रियापद सोबत असेल, तर तो जोडण्याचा टाका होय. वाक्य ‘टाका’वरच संपत असेल, तर ते बहुधा ‘टाकणे’चे आज्ञार्थी रूप असते.

‘जुने टाके’ असे लिहिलेले आढळल्यास मात्र क्रियापदाने भागत नाही, कारण ते शिवणीचे अनेकवचनही असू शकते आणि गडावरच्या पाण्याच्या साठ्याचे एकवचनही. तेथे मागे ‘दोन’ जोडून पाहावे. दोन टाके झाले तर शिवण, दोन टाकी झाली तर पाणी. पाथरवटाच्या टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, मात्र दोन टाक्या होतात.

सीमाभागातील वाचकाला आणखी एक सोय आहे, ती कन्नडची. शिवणीच्या टाक्याला कन्नडमध्ये ‘होलिगे’, सोनाराच्या धातू जोडण्याच्या टाक्याला ‘बेसुगे’ आणि पाटीवरच्या ‘टाका’ला ‘हाक्री’ म्हणतात, त्यामुळे मनात कन्नड शब्द आणला की अर्थ आपोआप वेगळे होतात. (‘होळिगे’ म्हणजे पुरणपोळी, ल आणि ळ मात्र सांभाळावेत.)

व्युत्पत्ती शोधताना सारख्या दिसणाऱ्या शब्दांची एकच मोट बांधू नये. संस्कृत धातुपाठात ‘टङ्क्’ धातूचा अर्थ बांधणे असा दिला आहे, आणि कापड, धातू व जखम या तिन्हींचा टाका त्याच अर्थाशी जुळतो. पाथरवटाची टाकी मात्र ‘टङ्क’ म्हणजे छिन्नी या अर्थाकडे जाते, तर टांकसाळ ‘टङ्कशाला’ या शब्दावरून आली. जुन्या छापील पुस्तकांत ‘टांका’ असे रूप दिसते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, म्हणून आज ‘टाका’ असेच लिहावे. ‘टाका भिडणे’ आणि ‘टाके ढिले होणे’ हे वाक्प्रचार जोडण्याच्या टाक्याशीच नाते सांगतात.

इरकल साडीवरच्या कशिद्याविषयी, म्हणजे कसुतीविषयी, लिहिताना अधिक जपावे लागते. तिचे टाके चार: गावंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. कापडावर नक्षी न रेखता, धागे मोजून ते घालतात. गावंतीत धावदोरा घालत पुढे जायचे आणि परतताना सुटलेल्या जागा भरायच्या, म्हणजे सुलट व उलट बाजू सारखी दिसते. मेंथी हे नाव मेथीवरून, नेगी विणण्याच्या कन्नड शब्दावरून आणि गावंती ‘गंटु’, म्हणजे गाठ, या शब्दावरून आले आहे. तरीही गावंतीचे भाषांतर ‘गाठीचा टाका’ असे करू नये, कारण मराठी भरतकामात तो निराळाच टाका आहे आणि कसुतीत तर दोऱ्याला गाठच मारत नाहीत.