बडोद्यात सहकारी बँकेकडून गृहकर्ज घेताना

बडोद्यातील मराठी मध्यमवर्गाला सहकारी पतव्यवहार नवा नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ५ फेब्रुवारी १८८९ रोजी येथे स्थापन झालेली अन्योन्य सहकारी मंडळी ही भारतातील पहिली सहकारी पतमंडळी मानली जाते, आणि सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ साली आला. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील अनेक कुटुंबे आजही पहिल्या घराच्या कर्जासाठी ओळखीच्या सहकारी बँकेकडेच प्रथम जातात. तेथे अर्जदार केवळ ग्राहक राहत नाही, तो सभासद होतो, आणि या नात्याचे फायदे जसे आहेत तशा जबाबदाऱ्याही आहेत. म्हणून ओळखीवर विसंबून कागदपत्रांत ढिलाई करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्वप्रथम आपण ज्या संस्थेकडे जात आहोत ती नागरी सहकारी बँक आहे की पतसंस्था, हे नीट समजून घ्यावे. नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते आणि तिच्यातील प्रत्येक ठेवीदाराच्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाच्या अखत्यारीत येते, तिला हे विमासंरक्षण नसते आणि तिची कर्जे सहसा लहान रकमेची व कमी मुदतीची असतात. दुरुस्तीसाठी किंवा एखादी खोली वाढवण्यासाठी पतसंस्था सोयीची आहे, परंतु वीस वर्षांच्या कर्जासाठी बँकच पाहावी. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये गृहकर्जाची मर्यादा दुप्पट केल्यापासून सर्वांत लहान श्रेणीतील नागरी सहकारी बँकेलाही एका व्यक्तीला ६० लाखांपर्यंत गृहकर्ज देता येते.

अर्ज करण्यापूर्वी बँकेचा वार्षिक अहवाल मागून घ्यावा आणि त्यातील निव्वळ अनुत्पादक, म्हणजे थकीत, कर्जांचे प्रमाण व भांडवल पर्याप्ततेचा, म्हणजे जोखमीच्या तुलनेत बँकेच्या स्वतःच्या भांडवलाचा, आकडा पाहावा. रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध लादले आहेत का, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील प्रसिद्धिपत्रकांतून कळते. कर्ज घेणाऱ्याला याची काय गरज, असे वाटू शकते, परंतु बांधकाम चालू असलेल्या घराचे कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते आणि मध्येच निर्बंध आले तर पुढचा हप्ता अडकून पडतो.

आता पैशांचा हिशेब. समजा, घराची किंमत ३० लाख आहे आणि बँक २४ लाख देण्यास तयार आहे, तर उरलेले ६ लाख आपण उभे करायचे हे उघडच आहे. त्यावर गुजरातमधील ४.९ टक्के मुद्रांक शुल्काचे १,४७,००० आणि १ टक्का नोंदणी शुल्काचे ३०,००० रुपये येतात. खरेदी केवळ स्त्रीच्या नावावर असल्यास नोंदणी शुल्क माफ होते, मात्र दस्तावेजात पुरुषाचे नाव सहखरेदीदार म्हणून आले की ही माफी मिळत नाही. याखेरीज सहकारी बँकेत कर्जाच्या प्रमाणात बँकेचे भाग (शेअर) घ्यावे लागतात. तारण असलेल्या कर्जासाठी हे प्रमाण रूढ नियमानुसार अडीच टक्के आहे, म्हणजे २४ लाखांवर ६०,००० रुपये. भक्कम भांडवल असलेल्या बँकांना यात सवलत देण्याची मुभा असल्याने तशी विचारणा अवश्य करावी. वकील, मूल्यांकन आणि प्रक्रिया शुल्क धरले नाही तरी हातात सुमारे साडेआठ लाख रुपये असल्याशिवाय बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, करू नये.

बहुतेक सहकारी बँका दोन जामीनदार मागतात, आणि नात्यातला किंवा कचेरीतला माणूस सहज सही करतो. त्याला आधी स्पष्ट सांगावे की भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि हे कर्ज त्याच्या सिबिल अहवालातही दिसते. त्याला स्वतःला लवकरच घर घ्यायचे असेल, तर त्याला जामीन राहण्याची गळ घालू नये.

सर्वाधिक वेळ मिळकतीच्या कागदांना द्यावा, कारण बडोद्यातील बरीच प्रकरणे येथेच अडतात. नव्या सदनिकेसाठी बिनशेतीचा हुकूम, महानगरपालिकेची किंवा वुडाची (बडोदा नगरविकास प्राधिकरणाची) रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, गुजरेराची (गुजरातच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी आणि इमारत पूर्ण झाली असल्यास बी. यू. परवानगी, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, लागते. सातबारा व फेरफार नोंदी एनीआरओआर या संकेतस्थळावर आणि इंडेक्स-२ ची, म्हणजे नोंदणीकृत दस्ताच्या गोषवाऱ्याची, नक्कल गरवी या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. शहराच्या जुन्या भागातील वाड्याचे किंवा वडिलोपार्जित घराचे प्रकरण अधिक नाजूक असते. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचेच नाव असेल, तर आधी पेढीनामा, म्हणजे वंशावळीचा दाखला, काढून सर्व वारसांची नोंद करावी लागते, आणि त्यात लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलीही येतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत त्यांचा हक्क मुलाइतकाच असल्याने त्यांच्या नोंदणीकृत हक्कसोडीशिवाय बँकेचा वकील अनुकूल अभिप्राय देत नाही. घरातील सलोख्यावर विश्वास ठेवून हे काम पुढे ढकलणे मला फार धोक्याचे वाटते. मिळकत अशांत धाऱ्याखालील, म्हणजे अशांत घोषित भागांतील मिळकतींच्या हस्तांतरणावर नियंत्रण ठेवणाऱ्या गुजरातच्या कायद्याखालील, विभागात असेल, तर विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी अनिवार्य आहे, आणि तिला लागणारा काळ बानाखताच्या मुदतीत धरून ठेवावा. वकिलाचा शोध अहवाल साधारणतः तीस वर्षांच्या व्यवहारांचा असतो. त्याचे शुल्क आपण भरतो, म्हणून त्याची प्रत मागून घ्यावी आणि शंकास्पद जागा समजावून घ्याव्यात.

उत्पन्नाचे पुरावे, म्हणजे पगारपत्रके किंवा मागील तीन वर्षांची विवरणपत्रे व खाते-उतारे, यांत विशेष अडचण नसते.

कर्ज मंजूर झाल्यावर व्याजदराइतकेच लक्ष मुदतीकडे द्यावे. २४ लाखांवर ९ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता सुमारे २१,६०० रुपये होतो, तर पंधरा वर्षांचा सुमारे २४,३५०. महिन्याला जेमतेम पावणेतीन हजारांच्या या फरकाने एकूण व्याज जवळजवळ ८ लाखांनी कमी होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने करारापूर्वी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर छापलेला असतो, तोंडी सांगितलेल्या दरापेक्षा तोच प्रमाण मानावा. दर बदलता असल्यास मुदतपूर्व फेडीवर बँकेला दंड आकारता येत नाही.

गहाणखत करताना मूळ कागदांची यादी दोन प्रतींत करून एकीवर बँकेची सही व शिक्का घ्यावा. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत हे कागद परत देणे बँकेला बंधनकारक आहे आणि तिच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. त्याच वेळी येणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा, गहाणखत नोंदवले असल्यास त्याची मुक्ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी, सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतील आणि प्रॉपर्टी कार्डावरील बोजा उतरवून घ्यावा, जामीनदारांना मुक्ततेचे पत्र मिळवून द्यावे आणि भागांची रक्कम परत हवी असल्यास तसा वेगळा लेखी अर्ज बँकेकडे देऊन पोच घ्यावी.