अझ्टेकाला येताय? दम राखून या

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली सहा पोरं जूनमध्ये फुटबॉल वर्ल्ड कपसाठी मेक्सिको सिटीला, अझ्टेका स्टेडियमवर, येणार आहेत. ग्रुपवर रोज चाळीस प्रश्न पडतात आणि त्यातले अडतीस तेच तेच. म्हणून एकदाच बैजवार लिहून टाकतो. त्यांच्याशिवाय कुणी येणार असेल तर त्यालाही उपयोग होईल. मी फाउंड्रीच्या कामासाठी चार वर्षांपूर्वी इथे आलो. फुटबॉल शाहू स्टेडियमवर शिकलो, म्हणजे पाटाकडील विरुद्ध दिलबहार या तालमींच्या मॅचला गेटवर काय होतं ते बघितलेला माणूस आहे. तरीही या शहराने पहिल्या आठवड्यात माझी जिरवली.

ती जिरवली उंचीने. कळसूबाई 1646 मीटर. मेक्सिको सिटी 2240. कळसूबाईच्या माथ्यावर आणखी सहाशे मीटर चढा आणि तिथे उपनगरं धरून दोन कोटींहून जास्त माणसं राहतात असं समजा. इथे डोंगरावर आल्यासारखं वाटत नाही, सगळं सपाट आहे, म्हणून फसायला होतं. मी पहिल्याच दिवशी मेट्रोचे जिने धावत चढलो आणि वर पोचून रेलिंग धरून उभा राहिलो. शेजारची आजी भाजीची पिशवी घेऊन पुढे निघून गेली. तेव्हा मॅचच्या आदल्या दिवशी उतरू नका. तीन दिवस आधी या. पहिले दोन दिवस पाणी भरपूर, जेवण हलकं, आणि बिअर, मेस्काल (इथली दारू) बंद. इथे एक ग्लास दोनचं काम करतो आणि सकाळी डोकं चारचं दुखतं. रात्री झोप नीट लागत नाही, तेही उंचीमुळेच. दोन दिवसांत जमतं.

आता कागदपत्रं. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन, जपान आणि युरोपच्या शेंगेन गटाच्या चालू व्हिसालाही हीच सवलत आहे. नियम बदलतात, निघण्याआधी वकिलातीच्या पानावर पुन्हा बघा. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे याल तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, हे आमच्यातल्या एकाला तिकीट काढल्यावर कळलं. इस्तंबूलमार्गे येणारं विमान त्या मानाने सोपं. आणि विमानतळ दोन आहेत. शहरातला तो बेनितो हुआरेस, तिकिटावर एमईएक्स. दुसरा फेलिपे आंखेलेस, एनएलयू, शहराच्या उत्तरेला लांब. मेक्सिकोतल्या मेक्सिकोत स्वस्त विमान मिळालं म्हणून खूश होण्याआधी ती तीन अक्षरं वाचा.

इथे एकूण पाच मॅच आहेत. 11 जूनला मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका, हीच स्पर्धेची पहिली. 17 जूनला उझबेकिस्तान-कोलंबिया, 24 जूनला पुन्हा मेक्सिको, मग 30 जून आणि 5 जुलैला बाद फेरीच्या. यजमानांची दुसरी मॅच ग्वादलाहाराला आहे, तिचं तिकीट चुकून इथलं समजू नका. उद्घाटनाची मॅच इथल्या दुपारी एक वाजता, म्हणजे कोल्हापुरात रात्रीचे साडेबारा. घड्याळात साडेअकरा तासांचा फरक आहे. पेठेत फोन लावताना हिशेब ठेवा, नाहीतर आईच्या शिव्या खाल.

स्टेडियमची नावं तीन. फिफाच्या कागदांवर मेक्सिको सिटी स्टेडियम, एरवी पाटीवर प्रायोजक बँकेचं नाव बानोर्ते, आणि लोकांच्या तोंडी फक्त अझ्टेका. रस्ता विचारताना अझ्टेकाच म्हणा. 1966 सालचं हे मैदान. 1970 ची फायनल इथलीच, पेलेच्या ब्राझीलने इटलीला 4-1 हरवलं ती. 22 जून 1986 ला मॅराडोनाने इंग्लंडला एक गोल हाताने आणि एक अर्ध्या संघाला चकवून मारला तोही इथेच. आमच्या गल्लीत भिंतीवर तो दुसरा गोल रंगवलेला होता. मी इथे पहिल्यांदा क्लब अमेरिका या इथल्या संघाची मॅच बघायला आलो तेव्हा निम्मा वेळ मॅराडोना कुठून पळाला असेल हेच शोधत बसलो. नंतर डागडुजीसाठी मैदान जवळपास दोन वर्षं बंद होतं.

पोचायचं कसं? रेल्वेने. मॅचच्या दिवशी कारचा विचारही करू नका. मेट्रोची निळी लाइन, क्रमांक 2, शहराच्या मधल्या सोकालो चौकाखालून जाऊन थेट दक्षिणेला तास्केन्याला संपते. तिथून त्रेन लिहेरो नावाची छोटी गाडी लागते, तिला स्टेडियमच्या दारातच स्टेशन आहे. मेट्रोचं तिकीट 5 पेसो, छोट्या गाडीचं 3. दोन्हीला एकच कार्ड चालतं, ते आदल्या दिवशीच घेऊन पैसे भरून ठेवा. मॅचच्या सकाळी मशिनसमोरची रांग बघून तुम्हाला अंबाबाईची नवरात्रातली रांग आठवेल. स्पॅनिश येत नसलं तरी बिघडत नाही. प्रत्येक स्टेशनला एक चित्र आहे. मेट्रो 1969 ला सुरू झाली तेव्हा पुष्कळांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी केलेली सोय आता तुमच्या कामी येईल. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात, पोरांनो, तिकडे घुसू नका. फोन पुढच्या खिशात. आणि रस्तेबंदी, गाड्यांच्या वेळा आदल्या रात्री तपासा, कारण त्या दिवशी पोलिस सांगतील तीच वाट.

याच हिशेबाने राहायची जागा निवडा. सगळे रोमा आणि कोंदेसा या भागांची नावं सांगतील. देखणे आहेत, झाडी आहे, आणि भाडं ऐकून घाम फुटतो. मी म्हणेन निळ्या लाइनवरच्या पोर्तालेस किंवा एर्मिता स्टेशनाजवळ खोली बघा. साधी मध्यमवर्गी वस्ती, कोपऱ्याकोपऱ्यावर खाणं, आणि तास्केन्या दोन-तीन स्टेशनांवर.

पाऊस. जूनमध्ये इथे सकाळी कडक ऊन आणि दुपारी चारच्या पुढे धो धो, कधी गारांसकट. त्या क्लब अमेरिकाच्या मॅचला मी ऐटीत छत्री घेऊन गेलो. ती दारातच अडवली, आत मी भिजून चिंब. गेटबाहेर प्लास्टिकचे पातळ रेनकोट विकतात, तो एक घ्या. सकाळसाठी टोपी घ्या, एवढ्या उंचीवर ऊन लवकर भाजतं. रात्री 13-14 अंशांपर्यंत उतरतं, त्यामुळे स्वेटर आणाच. जून म्हणजे उन्हाळा असं समजून येणारे पहिल्या रात्री कुडकुडतात.

आता खाणं, ज्याच्यावर मी पाच पानं लिहू शकतो. भावांनो, इथे तांबडा-पांढरा आहे! पोसोले नावाचा प्रकार, फुगवलेल्या मक्याच्या टपोऱ्या दाण्यांचा रस्सा, तो लाल, पांढरा आणि हिरवा मिळतो. बहुतेक ठिकाणी डुकराचा असतो, चालत नसेल तर ‘दे पोयो’ म्हणजे कोंबडीचा मागा. पण खरं जेवण शनिवार-रविवारी सकाळी. बार्बाकोआ. मटण घायपाताच्या पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजवतात, आणि खाली साठलेला रस, कोन्सोमे, वाटीत वेगळा देतात. पहिल्यांदा ओरपला तेव्हा मी दोन मिनिटं बोललो नाही. दुपारी बारापर्यंत संपतो, तेव्हा उठा. मिरचीच्या बाबतीत कोल्हापुरी माज जरा बाजूला ठेवा. आपली मिरची पोर्तुगिजांनी याच खंडातून नेली, इथे तिची आजी राहते. टेबलावर दोन वाट्या असतात, लाल आणि हिरवी, आणि पुष्कळदा हिरवीच जास्त जाळते. ‘पिका?’ म्हणजे तिखट आहे का असं विचारलं की सगळे ‘नो’ म्हणतात. विश्वास ठेवू नका.

शाकाहारी मंडळींसाठी दोन गोष्टी. ‘कार्ने नको’ म्हटलं की कोंबडी वाढतात, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गुरा-डुकराचं मांस. आणि घोटलेल्या घेवड्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, तेव्हा ‘सिन मान्तेका’ म्हणायला शिका. मंडईत जा. वेर्दोलागास म्हणजे आपली घोळ, आलेग्रिया म्हणजे चक्क राजगिऱ्याची चिक्की, आणि लाल रंगाचं हमायकाचं सरबत म्हणजे अंबाडीच्या बोंडांचं. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (दुमडलेली, सारण भरलेली पोळी) चुकवू नका, पण नावातच केसो म्हणजे चीज असूनही या शहरात केसादियात ते हवं असेल तर वेगळं सांगावं लागतं. देशातले बाकीचे लोक यावरून यांची टर उडवतात. नळाचं पाणी पिऊ नका.

पैशांचं थोडक्यात. किमतीपुढे डॉलरची खूण दिसली तरी ते पेसो असतात, दचकू नका. एटीएम बँकेच्या आतलं वापरा आणि मशिन रुपयांत हिशेब करू का विचारेल तेव्हा नाही म्हणा. हॉटेलात दहा-पंधरा टक्के टीप रीत आहे. रात्री रस्त्यावरची टॅक्सी हात दाखवून थांबवू नका, अ‍ॅपवरून बोलवा.

खांबांवरच्या भोंग्यांतून विचित्र चिरका आवाज आला तर तो भूकंपाचा इशारा. सगळे शांतपणे बाहेर निघतात, तुम्हीही निघा, व्हिडिओ नंतर. 19 सप्टेंबर 1985 च्या भूकंपाने हे शहर उद्ध्वस्त केलं होतं, आणि आठ महिन्यांनी याच लोकांनी वर्ल्ड कप भरवला.

तिकीट नसलं तरी या. सोकालोवर मोठ्या पडद्यांची फुकट सोय असणार आहे, आणि मेक्सिको जिंकलं की अख्खं शहर रेफोर्मा रस्त्यावरच्या सोनेरी देवदूताच्या खांबापाशी लोटतं. तिथे जा, पण परतीचा रस्ता आधी ठरवून. एक मात्र करू नका. समोरचा गोलकीपर किक मारताना इथले प्रेक्षक एक शिवी कोरसमध्ये ओरडतात. ती गे लोकांना हिणवणारी आहे, फिफाने मेक्सिकोला तिच्यासाठी पुन्हा पुन्हा दंड केलाय. मजा म्हणून सूर मिळवू नका.

मधल्या रिकाम्या दिवसांत सोकालोजवळच्या जुन्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत जा, आता तिथे भित्तिचित्रांचं संग्रहालय आहे. दिएगो रिवेराचं जेवणाच्या टेबलाचं एक चित्र आहे, त्यात पाव मोडून देणारा माणूस आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांवरून रंगवला असं सांगतात. गदर चळवळीतले क्रांतिकारक, परतीची वाट बंद झाली तेव्हा इथे येऊन चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्यावर काम केलं. मी दर पाहुण्याला तिथे नेतो. एका रखवालदाराला मी सांगितलं की हा आमच्याकडचा, तर तो म्हणाला, नाही, आमच्याकडचा.

24 तारखेच्या मॅचनंतर लगेच स्टेशनकडे पळू नका, तासभर आतच बसा, गर्दी ओसरू द्या. दुसऱ्या दिवशी तीच छोटी गाडी शेवटपर्यंत पकडली की सोचिमिल्को येतं, कालव्यांतल्या रंगीत होड्यांचं. होडीचा दर तासाचा आणि अख्ख्या होडीचा असतो, माणशी नव्हे, चढण्याआधी हे पक्कं करा. सहा जणांत परवडतं. आणि येताना कांदा-लसूण चटणीची बंद पाकिटं आणा, कस्टमच्या फॉर्मवर खाण्याचं सामान लिहून. घरचं सुकं मटण आणू नका, ते काढून घेतील आणि मग मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटेल.