पहिल्या पिढीच्या मियाताच्या स्प्रिंगा आणि शॉकअप कसे बदलावेत

१९८९ मध्ये आलेली आणि १९९७ पर्यंत बनलेली माझ्दा एमएक्स-५, म्हणजेच उघडमिट हेडलाइटची मियाता, आजही ज्यांच्याकडे आहे त्यांतल्या बहुतेकांच्या गाडीचे मूळ शॉकअप केव्हाच संपलेले असतात. गाडी खड्ड्यावरून गेली की मागचा भाग दोन-तीनदा डुलतो, वळणावर नाक खाली बसतं. अशा वेळी लोक फक्त कमी उंचीच्या स्प्रिंगा आणून टाकतात आणि फसतात. या गाडीत सस्पेन्शनला हलायला मुळातच जागा थोडी आहे. स्प्रिंग बदलून गाडी ३० मिमी खाली आणली की तेवढी जागा गेली. मग शॉकअपची नळी बंपस्टॉपवर, म्हणजे दांड्यावरच्या रबरी ठोकळ्यावर, आदळत राहते. गाडी 'कडक' झाली असं वाटतं, पण तो कडकपणा स्प्रिंगचा नसतो, ठोकळ्याचा असतो. भर वळणात मागचं चाक असं आदळलं की मागची बाजू एकदम सुटते.

म्हणून खरेदी शॉकअपपासून सुरू करावी. रोजच्या रस्त्यासाठी बिल्स्टीन किंवा कोनी स्पोर्ट, दोन्ही उत्तम. कोनीचा जोर वरच्या टोकाकडून कमी-जास्त करता येतो, पण तो फक्त दांडा बाहेर येतानाचा. स्प्रिंगा पुढे ३०० पाउंड प्रति इंच आणि मागे २०० च्या आसपास असल्या की रस्त्यावर तोल चांगला राहतो. चारही एकाच ताकदीच्या घेऊ नयेत. सोबत चार नवे बंपस्टॉप, चार धूळरोधक रबरी बूट आणि शक्य असेल तर दुसऱ्या पिढीच्या मियाताचे (१९९९ ते २००५) वरचे माउंट, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारे भाग, घ्यावेत, त्यांच्याच रबर आणि वायसरांसकट. ते पहिल्या पिढीच्या बॉडीला बसतात आणि सुमारे दोन सेंटिमीटर जास्तीची हालचाल मिळवून देतात. गाडी खाली आणताना गमावलेली निम्म्याहून जास्त जागा त्यातून परत मिळते, त्यामुळे हा खर्च टाळू नये.

हत्यारं: १४ आणि १७ ची गोटी, चाकांच्या नटांसाठी २१ ची, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच, जॅक, चार स्टँड, चांगल्या दर्जाचा स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि गंज सोडवणारं तेल. अमेरिकेत न्यू जर्सी किंवा मिशिगनसारख्या ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, तिथली गाडी असेल तर आदल्या रात्रीच खालच्या सगळ्या बोल्टांवर तेल मारून ठेवावं.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवावं. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मापात शिरते.

चाकांचे नट जमिनीवरच थोडे ढिले करावेत. मग पुढून क्रॉसमेंबरखाली (इंजिनखालची आडवी मजबूत पट्टी), मागून डिफरेन्शियलखाली जॅक लावून गाडी उचलावी आणि बाजूच्या जॅक पॉइंटांखाली स्टँड ठेवावेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये.

पुढच्या अँटीरोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा) दोन्ही बाजूंच्या लिंक एकदमच सोडाव्यात. त्या जोडलेल्या राहिल्या तर बार आर्म, म्हणजे चाक धरणारी भुजा, वर ओढून धरतो आणि शॉकअप बाहेर पडत नाही. नंतर शॉकअपचा खालचा १७ चा बोल्ट काढावा आणि शेवटी बॉनेटखालचे १४ चे दोन नट. आर्म पायाने किंवा लांब पहारीने खाली दाबला की बहुतेक वेळा शॉकअप वाकडा करून निघतो. नाहीच निघाला तर वरच्या आर्मचा लांब बोल्ट काढावा लागतो. तसं केलं तर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, तारेने बांधून ठेवावा, त्याचं वजन ब्रेकच्या पाइपवर येता कामा नये. खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला गोल खुणांच्या चकत्या असलेले बोल्ट दिसतील. ते अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे, आहेत, त्यांना पाना लावू नये.

मागे हाच क्रम. वरचे नट डिकीत, अस्तरामागे असतात. डावीकडे स्टेपनी आणि उजवीकडे बॅटरी हलवली की हात पोहोचतो.

सुटा झालेला शॉकअप उघडण्याआधी वरच्या माउंटच्या बोल्टांची आणि खालच्या डोळ्याची (खालचा बोल्ट जातो ते भोक) दिशा रंगाने खूण करून ठेवावी. ही दिशा चुकली की बसवताना वरचे बोल्ट भोकात जातात, पण खालचा बोल्ट काही केल्या सरळ येत नाही. कॉम्प्रेसरचे हुक समोरासमोर लावून दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळाव्यात. स्प्रिंग हाताने किंचित फिरायला लागली की दांड्याचा नट सोडावा, त्याआधी नाही. दाबलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोर तोंड नेऊ नये.

जुळवणी उलट क्रमाने: बंपस्टॉप, बूट, स्प्रिंग, रबर, माउंट, वायसर, नट. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीच्या पायरीला टेकलं पाहिजे. दांड्याचा नट ३१ ते ४६ न्यूटन-मीटर. नंतर कुठे 'टक्-टक्' आवाज आला तर आधी इथेच बघावं: वायसर उलटा बसलेला असतो किंवा नट ढिला राहिलेला असतो.

गाडीत चढवताना वरचे नट २९ ते ३६ न्यूटन-मीटर आवळावेत. खालचा बोल्ट आणि लिंक मात्र नुसते हाताने बसवून ठेवावेत. यामागचं कारण नीट समजून घ्यावं. शॉकअपच्या डोळ्यातलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. ते बोल्टभोवती सरकत नाही, पिळलं जातं. चाक हवेत लटकत असताना बोल्ट आवळला तर त्याच अवस्थेत रबर घट्ट होतं, आणि गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं. गाडी उंच बसते, रबर लवकर फाटतं. म्हणून चाकं लावून (नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटर) गाडी रॅम्पवर किंवा जमिनीवर घ्यावी, दोन-तीनदा दाबून सोडावी आणि मगच खालचे बोल्ट ७३ ते ९३ न्यूटन-मीटरला आवळावेत, लिंकही तेव्हाच आवळाव्यात. वरच्या आर्मचा बोल्ट काढला असेल तर तोही गाडी जमिनीवर आल्यावरच आवळावा.

आता ठोकळ्याची परीक्षा. शॉकअप चढवतानाच एका बाजूचा बूट वर सरकवून दांड्यावर एक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधावी आणि शॉकअपच्या नळीपर्यंत खाली ढकलावी. नेहमीच्या रस्त्यावर वीस मिनिटं चालवून आणावी. टाय ठोकळ्यापर्यंत पोहोचली नाही किंवा जेमतेम टेकली तर ठीक. ठोकळ्यात रुतून बसलेली दिसली तर गाडी फार खाली आहे. अशा वेळी कोनीवर स्प्रिंगची बैठक वरच्या खाचेत घ्यावी. तपासणी झाली की टाय कापून बूट खाली ओढून घ्यावा.

शंभर-दीडशे किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसतात. तेव्हा उंची पुन्हा मोजावी, सगळे नट तपासावेत आणि मगच अलाइनमेंटला जावं. चालकाच्या वजनाइतकं ओझं त्याच्या सीटवर ठेवून करून घ्यावं. रस्त्यासाठी पुढे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) उणे १ अंश, मागे उणे १.५, पुढचा टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य, मागचा एकूण ३ मिमी आत. कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) दोन्ही बाजूंना सारखा, ५ अंशांच्या आसपास. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी भिंतीवर पाडून जुळवून घ्यावा. पुढून आणि मागून गाडी सारखी खाली आलेली नसेल तर तो हमखास हललेला असतो.