गच्चीवर सोलर: आधी सावली मोजा, मग दर विचारा

'सोलर लावा, बिल शून्य' असं कुणी सांगितलं की मला चिडायला होतं. बिल शून्य होत नाही. युनिट शून्य झाले तरी महावितरणचा स्थिर आकार भरावाच लागतो. आमचं साताऱ्यातलं घर आणि त्यानंतर पाच-सहा नातेवाइकांच्या गच्च्या करून झाल्यावर जे कळलं, ते क्रमाने सांगतो.

१. वर्षभराची बिलं काढा आणि युनिटांची बेरीज करा. १ किलोवॉट सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. महिन्याला ३०० युनिट जळत असतील तर ३ किलोवॉट पुरे. महिन्याचे युनिट शंभराच्या आतच येत असतील तर घाई करू नका. महाग टप्पा शंभरानंतर सुरू होतो आणि खरी बचत तिथेच होते. 'थोडं मोठंच बसवून टाका' हा सल्लाही ऐकू नका. जास्तीचे युनिट महावितरणकडे जमा होतात, पण ते ३१ मार्चपर्यंतच पुढे सरकतात, त्यानंतर उरलेल्यांचे हाती पडतात ते किरकोळ पैसे.

२. बिलावरचं नाव बघा. अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी ते बदलून घ्या.

३. आता सावली. इथे मी स्वतः आपटलो.

आमच्याकडे सर्व्हेला माणूस आला तो मे महिन्यात, भर दुपारी. टाकीची सावली टाकीखालीच होती. 'एकदम क्लिअर आहे काका,' म्हणाला आणि टाकीच्या उत्तरेला सहा पॅनेल ठोकून गेला. पावसाळ्यात वीज कमी आली, तेव्हा ढगांवर ढकललं. पण डिसेंबरात लख्ख ऊन असूनही बारा युनिटांऐवजी आठ. एका रविवारी चहाचा कप घेऊन गच्चीवरच बसलो. अडीचच्या सुमारास टाकीची सावली पहिल्या पॅनेलच्या कोपऱ्यावर चढली. सावली दोन वीत असेल-नसेल, पण मोबाइलवरचा आकडा धपकन खाली आला.

कारण असं की पॅनेल एकामागून एक, माळेसारखे जोडलेले असतात. एकावर सावली आली की माळेतल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो. पॅनेलमधले बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे छोटे भाग) थोडं सावरून घेतात, पण सावली आलेल्या भागाची वीज जाते ती जातेच.

मे-जूनमध्ये आपल्याकडे सूर्य माथ्यावर असतो, त्यामुळे उन्हाळ्यातली पाहणी हमखास फसवते. २१ डिसेंबरला भर दुपारीही तो दक्षिणेकडे जेमतेम ४९ अंशांवर असतो, आणि साडेतीनला ३० अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा सावली वस्तूच्या उंचीच्या पावणेदोन पट पडते. म्हणजे तीन फुटी कठड्याची सावली सव्वापाच फूट! म्हणून टेप घेऊन गच्चीवर जा. पॅनेलच्या दक्षिणेला, आग्नेयेला आणि नैर्ऋत्येला जे जे उभं आहे (टाकी, कठडा, जिन्याची खोली, डिशची छत्री, शेजाऱ्याचा नारळ) त्याची उंची पॅनेलच्या खालच्या कडेपासून मोजा आणि पावणेदोनने गुणा. तेवढं अंतर सुटत नसेल तर जागा बदला. उत्तरेकडची टाकी सहसा त्रास देत नाही. आणि शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर तिथे मजले चढणार हे धरूनच चाला.

मी शेवटी प्लंबर बोलावून टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात हलवली. नळकामाचा तो खर्च सुरुवातीलाच टळला असता. त्याआधी व्हेंडरने प्रत्येक पॅनेलला ऑप्टिमायझर (एकावरच्या सावलीचा फटका बाकीच्या पॅनेलना बसू न देणारं उपकरण) लावायचा प्रस्ताव दिला होता. सावली टाळणं अशक्य असेल तरच त्यावर पैसे घाला. टाकी सरकवून काम होत असेल तर मुळीच नको. आणि पॅनेलखालचं स्ट्रक्चर उंच करून सावली चुकवणार असाल, तर पाय नुसते फरशीवर ठेवलेले चालणार नाहीत. वळवाच्या वाऱ्याने पॅनेल पतंगासारखे उचलले जातात.

४. पैसे. ३ किलोवॉटला साधारण १ लाख ८० हजार ते २ लाख १० हजार धरा. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० अनुदान मिळतं. मात्र ते काम पूर्ण झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येतं, तोवरची रक्कम हाताशी ठेवा. पॅनेल भारतीय सेलचे असल्याचं कोटेशनवर लिहून घ्या, नाहीतर अनुदान विसरा. महिना ३०० युनिटवाल्या घराचे पैसे चार-पाच वर्षांत वसूल होतात.

५. बॅटरी नसलेलं सोलर वीज गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरातून शॉक बसू नये म्हणून ती सोय आहे. हे आधी न सांगितल्याबद्दल मावशी अजून माझ्यावर रागावून आहे. बॅटरीने खर्च बराच वाढतो. गावात रोज तासन्‌तास वीज जात नसेल तर त्या भानगडीत पडू नका.

६. अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक समोर उभं राहून करून घ्या. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागेपर्यंत व्हेंडरचे शेवटचे दहा टक्के अडकवून ठेवा.

७. पॅनेल धुवायचे ते सकाळी सातच्या आत, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी असेल तर लगेच वायपर फिरवा, क्षाराचे डाग नंतर निघत नाहीत.