जुन्या गाडीची बॅटरी रातोरात उतरत असेल तर

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्या उष्णतेने बॅटरीतील पाणी आटून तिचे आयुष्य घटते. म्हणून जुन्या गाडीची बॅटरी रातोरात उतरू लागली, की पहिला संशय बॅटरीवरच घ्यावा. ती पूर्ण चार्ज करून, गाडीपासून सोडवून रात्रभर ठेवावी. सकाळी व्होल्टेज १२.६ च्या जवळ न राहता १२.२ च्या खाली गेले, तर दोष बॅटरीचाच आहे. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत नसतील, तर अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचे, चार्जिंग तपासावे.

दोन्ही ठीक असल्यास बंद गाडीतही होणारी विजेची गळती शोधावी लागते. किल्ली काढून, दारे लावून, ऋण टर्मिनलची वायर सोडवावी आणि मल्टिमीटर (व्होल्टेज व प्रवाह मोजणारे यंत्र) १० अँपिअरच्या मापावर ठेवून ती वायर व टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा. या स्थितीत स्टार्टर मुळीच फिरवू नये, मीटर निकामी होतो. अर्ध्या तासानंतर ५० मिलीअँपिअरपर्यंतचा प्रवाह चालतो. मात्र अर्धा अँपिअर दिसला, तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांच्या आत संपते. मग एकेक फ्यूज काढावा. ज्यामुळे आकडा एकदम कोसळेल, त्याच सर्किटमध्ये दोष आहे. माझ्या मते बाहेरून बसवलेला स्टिरिओ आणि डिकीचा दिवा सर्वांत आधी पाहावेत. एकाही फ्यूजने फरक पडत नसेल, तर बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढावी, तिचे टोक चिकटपट्टीने झाकावे आणि पुन्हा मोजावे, कारण अल्टरनेटरमधील डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बिघडला तरी बंद गाडीत प्रवाह उलटा वाहत राहतो.