लाइट गेली तरी राउटरचा हिशेब शाबूत कसा ठेवावा

ऐरोलीत खाली दादा-वहिनी राहतात, वर आम्ही. इंटरनेटचं कनेक्शन एकच आणि बिल वापराप्रमाणे वाटून. म्हणून ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त सिस्टिम) टाकलेल्या छोट्या राउटरवर एनएलबीडब्ल्यूमॉन हा प्रोग्रॅम बसवला. कोणत्या फोनने किती डेटा ओढला ते तो मोजतो. मग जूनमधला पहिला जोराचा पाऊस आला, लाइट गेली, परत आली, आणि महिन्याचा सगळा आकडा शून्य. दादा म्हणाला, अर्धं-अर्धं करू. घरात व्हिडिओ जास्त कोण बघतं, हे मी इथे सांगत नाही.

चूक राउटरची नव्हती. ओपनडब्ल्यूआरटीत 'व्हार' हा फोल्डर खरं तर 'टीएमपी'कडे नेणारा दुवा असतो, आणि 'टीएमपी' राहतो रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत. वीज गेली की रॅम कोरी. 'ईटीसी' फोल्डरातलं मात्र फ्लॅशवर, म्हणजे कायमच्या साठवणुकीच्या चिपवर असतं, ते टिकतं. मोजणीच्या फाइली मुळात 'व्हार'च्या आत, 'लिब'मधल्या 'एनएलबीडब्ल्यूमॉन' फोल्डरात जातात. त्यांचं घर बदलायचं, एवढंच काम. (नावं इथे देवनागरीत आहेत, राउटरवर रोमन लिपीत टाका.)

आधी जुना आकडा वाचवा. एसएसएचने, म्हणजे कॉम्प्युटरवरून कमांड देण्याच्या सोयीने, राउटरवर शिरा आणि 'एनएलबीडब्ल्यू' ही कमांड 'उणे सी कमिट' (-c commit) जोडून चालवा. मेमरीतला हिशेब फाइलीत उतरतो. आता 'ईटीसी'त 'एनएलबीडब्ल्यूमॉन' नावाचा फोल्डर करून त्या फाइली तिथे कॉपी करा. ही पायरी गाळलीत तर नव्या जागी मोजणी पुन्हा शून्यापासून.

मग ब्राउझरमध्ये लुसी, म्हणजे राउटरचं सेटिंगचं पान, उघडा. बँडविड्थ मॉनिटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये डेटाबेस डिरेक्टरी म्हणून नवा फोल्डर द्या, सेव्ह अँड अप्लाय दाबा.

तिथेच कमिट इंटरव्हल, म्हणजे किती वेळाने हिशेब फाइलीत उतरवायचा ते, आहे, आणि खरा विचार इथे करायचा. मुळात तो 24 तासांचा असतो. म्हणजे लाइट गेली तर जास्तीत जास्त एका दिवसाचा हिशेब बुडेल. मग दर मिनिटाला का लिहू नये? कारण फ्लॅश झिजते. छोट्या राउटरमधल्या नॉर प्रकारच्या फ्लॅशचा एकेक ब्लॉक साधारण 1 लाख वेळा पुसता येतो. दर मिनिटाला लिहिलंत तर वर्षाला 5 लाख 25 हजारांवर खेपा होतात. फाइल सिस्टिम झीज वेगवेगळ्या ब्लॉकवर वाटून घेते हे खरं, पण 8 एमबीच्या चिपमध्ये वाटायला जागा तरी कितीशी? मी 12 तास ठेवलाय. वर्षाला 730 खेपा, फ्लॅशला जाणवणारही नाहीत.

पेनड्राइव्ह लावणार असाल तर इंटरव्हल कमी चालेल. फक्त तो माउंट झालाय का, म्हणजे फोल्डराला जोडला गेलाय का, ते बघा. नाहीतर त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे फ्लॅशवरच, लिहिणं सुरू राहतं आणि तुम्ही निर्धास्त.

ज्या प्रोग्रॅममध्ये फाइलीची जागा बदलायची अशी सोय नाही, त्याच्यासाठी फाइल फ्लॅशवर कॉपी करणारी स्क्रिप्ट लिहून ती लुसीतल्या शेड्युल्ड टास्क्समध्ये ठरावीक वेळाने चालेल अशी लावावी लागते. बंद होताना कॉपी करू, हा बेत लाइट जाणाऱ्या घरात फुकट आहे, वीज सांगून जात नाही. कॉपी आधी फ्लॅशवर तात्पुरत्या नावाने करा आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदलून जुन्या फाइलीच्या जागी आणा. मध्येच लाइट गेली तरी जुनी फाइल धड राहते. सुरू होताना मात्र आधी फाइल परत आणायची, मगच प्रोग्रॅम चालू करायचा.

कोणत्या उपकरणाला कोणता आयपी पत्ता दिला, ही यादीही रॅममध्येच असते, पण ती जपण्याच्या भानगडीत मी पडत नाही. प्रिंटरला स्टॅटिक लीज, म्हणजे कायमचा ठरलेला पत्ता, दिली की झालं.

फर्मवेअर (राउटरची सिस्टिम) बदलताना नवा फोल्डर वगळला जाऊ नये म्हणून बॅकअप पानावरच्या कॉन्फिगरेशनच्या यादीत त्याचा पूर्ण पाथ लिहून ठेवा. जाता जाता एक फायदा : अशा राउटरांत बहुधा घड्याळाची बॅटरी नसते. ओपनडब्ल्यूआरटी सुरू होताना 'ईटीसी'तल्या सर्वांत ताज्या फाइलीची वेळ उचलतं, आणि आता मोजणीच्या ताज्या फाइली तिथेच असतात. त्यामुळे इंटरनेट येण्याआधीही तारीख फार मागे जात नाही.

शेवटी चाचणी. लुसीतलं रीबूट बटण दाबून बघू नका, त्यात प्रोग्रॅमना आवरायला वेळ मिळतो. हाताने कमिट करा, आकडा कागदावर लिहा आणि सरळ प्लग उपटा. परत आलेला आकडा कागदावरच्यापेक्षा कमी दिसला, तर पाथ पुन्हा तपासा.